साडेबाराची सावली

(१९९६च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीचा फोन आला तेव्हा मला 'माझी वाटचाल' असा विषय दिला होता. मी म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये वीस-बावीस वर्षं काढलेल्या बाईची वाटचाल खुर्चीतल्या खुर्चीतच होते, त्यावर काय बोलू? त्यापेक्षा कॉलेजात असताना मी दोन वर्षं दर शनिवारी मुलांना विज्ञान आणि हस्तकला शिकवायला जायचे, त्याबद्दल बोलते. समितीतली मैत्रीण म्हणाली, "वा, प्रेरणादायी होईल." तेव्हा मी गप्प बसले. आज कबूल करते, की ही गोष्ट तशी नाही. तरी आजच सांगायला हवी, कारण जेवणानंतर आपण बॅचच्या निधीचं काय करायचं ते ठरवणार आहोत. शाळेत शनिवारचा विज्ञानवर्ग सुरू करावा आणि त्यासाठी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना बोलवावं, असा एक प्रस्ताव आहे. मी त्याच्या बाजूने आहे. पण हात वर करण्याआधी माझं ऐकून घ्या.

सुरुवात आपल्या प्रयोगशाळेपासून करते. आठवीत आपल्या वर्गात साठ मुलं होती आणि सूक्ष्मदर्शक एक. सरांनी कांद्याचा पापुद्रा काढून काचपट्टीवर ठेवला, आयोडीनचा थेंब टाकला आणि आपली रांग लावली. प्रत्येकाने एक डोळा मिटून बघायचं आणि पुढे सरकायचं. काही जणांनी उघडा डोळा मिटला आणि मिटलेल्या डोळ्याने बघितलं, त्यांची नावं मी घेत नाही, ते समोरच बसलेत. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा पाच जण उरले होते. मी शेवटून तिसरी होते. सर म्हणाले, "उरलेल्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर यायचं." आम्हाला वाटलं, झालं, आता काही दिसत नाही. शनिवारी गेलो, तर सर कांदा घेऊन बसलेले. पाच मुलांसाठी. त्या आठवड्यात सरांच्या घरचं कुणी दवाखान्यात होतं, हे आम्हाला फार नंतर कळलं. मी कांद्याच्या पेशी बघितल्या. विटांच्या भिंतीसारख्या दिसल्या. यात विशेष काय, असं तेव्हा वाटलं होतं. विशेष काय होतं ते समजायला मला आठ वर्षं लागली.

२००० साली मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलच्या मेसबाहेर हाताने लिहिलेला एक कागद लागला होता: 'आठवड्यातले दोन तास द्या.' आमचे काही सीनियर एका महापालिकेच्या शाळेत जायचे. शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटली, की पाचवी-सहावीची वीस-पंचवीस मुलं थांबायची आणि दीडपर्यंत वर्ग चालायचा. मी का गेले, तर खरं सांगते. एक, बायोडेटात लिहायला काही हवं होतं. दोन, माझी रूममेट जात होती. तीन, शनिवारी मेसमधलं जेवण फारच वाईट असायचं. समाजसेवेचा क्रमांक चौथा होता.

मुलं बहुतेक बांधकाम मजुरांची, नाहीतर धुणीभांडी करणाऱ्या बायकांची. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या बंजारा बोली. मी पहिल्या दिवशी प्रकाशावर भाषण ठोकलं. मुलं शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसली. मी विचारलं, "लहान छिद्रातून प्रकाश आत येतो, अशा उपकरणाला काय म्हणतात?" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "सूचिछिद्र प्रतिमाग्राहक!" मी खूश. मग विचारलं, "कुणी बघितलाय?" एकही हात वर आला नाही. आणि गंमत म्हणजे, तो मीही बघितलेला नव्हता.

पुढच्या शनिवारी आम्ही पुठ्ठ्याचे खोके, काळा कागद आणि खोबरेल तेल नेलं. खोक्याच्या एका बाजूला टाचणीचं भोक, समोरच्या बाजूला तेल लावलेला कागद. खिडक्या लावून मेणबत्ती पेटवली आणि कागदावर ज्योत उलटी दिसली. जो आरडाओरडा झाला तो ऐकून शिपाईमामा धावत आले. त्या दिवसापासून मी फळ्यापाशी कमी आणि मुलांमध्ये जास्त बसू लागले.

अरविंद गुप्ता हे नाव तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. कानपूर आयआयटीचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी करत होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंपासून खेळणी बनवू लागले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांपासून भूमितीचे आकार कसे जोडायचे, ते त्यांच्या पुस्तकात होतं. आमच्या हाती त्याची झेरॉक्स लागली. शंभर रुपयांत वर्गाला पुरेल एवढं साहित्य यायचं. नळीचे छोटे तुकडे कापायचे, त्यांत काड्यांची टोकं खुपसायची. तीन काड्यांचा त्रिकोण होतो, चार काड्यांचा चौकोन. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण हलत नाही. चौकोनात तिरकी काडी बसवली, की तोही हलायचा थांबतो. मी हे मोठ्या थाटात समजावून सांगत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "ताई, पप्पा परांची बांधताना तिरका बांबू घालतात. नाहीतर परांची डुलते."

मी तेव्हा दोन सत्रं स्ट्रक्चर शिकलेल्या सिव्हिलच्या मैत्रिणीबरोबर राहत होते. तिच्या वहीतलं पानभर गणित त्या मुलाने एका वाक्यात सांगितलं. पण शाळेत त्याला गणितात पस्तीसच्या वर गुण कधी पडत नव्हते.

शेवटचा अर्धा तास चित्रकला, मातीकाम, कागदकाम. एकदा मी सांगितलं, "आपल्या घराचं चित्र काढा." पंचवीस चित्रं आली. दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य, एक नदी, कौलारू घर आणि नारळाचं झाड. त्यातलं एकही मूल अशा घरात राहत नव्हतं. पुढच्या वेळी सांगितलं, "दारात उभं राहिलं की जे दिसतं तेच काढा." मग कागदावर पाण्याचा टँकर आला, निळं पिंप आलं, विजेच्या तारेवर अडकलेला पतंग आला, सिमेंटच्या गोणीवर बसलेली शेळी आली. एका मुलीने नुसती एक रेघ काढली होती. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "समोरच्या बिल्डिंगची भिंत. तेवढंच दिसतं."

या रेघवाल्या मुलीची गोष्ट सांगायला मी आज उभी आहे.

२२ डिसेंबर २००१, शनिवार. मी शेवटच्या वर्षाला होते. मैदानावर सावल्यांचा तास घेतला. मी सांगितलं, "दुपारी बारा वाजता सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते." हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, तुम्हीही ऐकलं असेल. शाळेतली मीटरपट्टी मातीत सरळ उभी केली. बारा वाजले. ती मुलगी म्हणाली, "ताई, सावली तर आहे की." मी म्हटलं, "माझं घड्याळ पुढे असेल." पाच मिनिटं गेली. सावली होतीच, आणि नुसती नव्हती, चांगली लांबलचक होती. बाकीची मुलं माझ्या बाजूने झाली. "ताई म्हणतात म्हणजे जाणारच!" ती एकटी पट्टीजवळ उकिडवी बसून राहिली. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवत होती. साडेबाराच्या पुढे सावली सर्वात आखूड झाली आणि मग परत वाढू लागली. आखूड म्हणजे किती? नव्वद सेंटिमीटर. एक मीटरच्या पट्टीची!

इतर वेळी मी काहीतरी थाप मारून वेळ निभावली असती. पण खडे समोर पडलेले होते. मी म्हटलं, "माझं चुकलं. का चुकलं ते मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी सांगते."

आठवडाभर ग्रंथालयात बसले. उत्तर भूगोलाच्या शालेय पुस्तकात होतं, फक्त मी ते पाठ केलं होतं, कधी मैदानावर नेलं नव्हतं. पुण्याचं अक्षांश साडेअठरा. २२ डिसेंबरला सूर्य मकरवृत्तावर, म्हणजे विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेतेवीस अंशांवर. दोन्हींची बेरीज बेचाळीस. म्हणजे त्या दिवशी भर दुपारीही सूर्य पुण्याच्या डोक्यापासून बेचाळीस अंश दक्षिणेला कललेला असतो आणि एक मीटरच्या काठीची सावली नव्वद सेंटिमीटर पडते. त्या मुलीचं माप अचूक होतं. आणि बाराऐवजी साडेबारा का? कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे. पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्त. दर अंशाला चार मिनिटं. म्हणजे पुण्याची खरी दुपार घड्याळापेक्षा सुमारे पस्तीस मिनिटं उशिरा होते, आणि ऋतूप्रमाणे त्यातही थोडं मागेपुढे होतं.

पुढच्या शनिवारी बॅटरी आणि मोसंब घेऊन मी हे सांगितलं. मग तिने विचारलं, "म्हणजे सावली कधीच जात नाही?" मी म्हटलं, "जाते. वर्षातून दोनदा. सूर्य पुण्याच्या अक्षांशावर येतो तेव्हा. एकदा १३ मेच्या सुमाराला आणि एकदा ३० जुलैच्या सुमाराला. जुलैत ढग असतात, त्यामुळे खरी संधी एकच. मे महिन्यातली."

मग आम्ही मोजायला लागलो. एक वही केली. तारीख, वेळ, सावली. वही तिच्याकडे. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मोजली, ७६ सेंटिमीटर. २३ फेब्रुवारीला ५४. २३ मार्चला ३१. २० एप्रिलला १२. जी मुलं पाढे म्हणायला कंटाळायची ती "पुढच्या वेळी किती होईल" यावर पैजा लावू लागली. परांचीवाल्या मुलाने तर आलेख न शिकताच भिंतीवर खडूने सावल्यांच्या उभ्या रेघा शेजारीशेजारी काढल्या. तो आलेखच होता. मी बघत राहिले. माझ्या दोन वर्षांत मी चांगलं शिकवलं असं म्हणता येईल, तर ते त्या चार महिन्यांत. आणि त्याची सुरुवात माझ्या चुकीपासून झाली होती.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: '१३ मे, दुपारी १२.३०, मैदान.' म्हटलं, "सुट्टी असली तरी सगळ्यांनी यायचं. मी काठी घेऊन येते." ती मुलगी म्हणाली, "काठी आमच्याकडे आहे. तुम्ही फक्त या."

१३ मे २००२ रोजी मी कॉलेजजवळच्या एका दुकानात प्रोजेक्ट रिपोर्टचं बाइंडिंग करून घेत होते. काळं कव्हर, वर सोनेरी अक्षरं. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. बंगळुरूच्या कंपनीचं नेमणूकपत्र आलेलं, जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. डोक्यात दुसरं काही नव्हतं. दुकानदाराला म्हटलं, "काका, किती वेळ?" त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, म्हणून मीही बघितलं. पाऊण वाजला होता.

मला आठवलं. त्या शाळेत जायला बसने चाळीस मिनिटं लागायची. मी मनाशी म्हटलं, सावली तर येऊनही गेली. आता जाऊन काय उपयोग? आणि मी गेले नाही.

विसरणं ही एक चूक होती. ती कुणाच्याही हातून होते. पण पाऊण वाजता आठवल्यावर न जाणं, ही दुसरी. ती मी शुद्धीवर राहून केली.

दहा-बारा दिवसांनी आमचा साहित्याचा खोका परत घ्यायला शाळेत गेले. शिपाईमामा म्हणाले, "पोरं आली होती ताई. सात-आठ जणं. मी फाटक उघडून दिलं. दोन वाजेपर्यंत थांबली होती." दोन वाजेपर्यंत. मी पाऊण वाजता बस पकडली असती तरी ती मला भेटली असती.

मी विचारलं, "सावली गेली का हो?" ते म्हणाले, "ते मला काय ठाऊक? मी बघितलं तेव्हा सगळी उन्हात उभी राहून आपापल्या पायांकडं बघत होती. आणि ओरडत होती." मग त्यांनी कपाटातून एक वही काढून दिली. "ही ताईंना द्या म्हणाली." वहीत शेवटची ओळ होती: '१३ मे. १२.३०. ० सेंमी.' बाकी काही नाही. तक्रार नाही, प्रश्न नाही.

शाळेला सुट्टी होती, वस्तीत कुणाचं घर कुठे ते मला नीट माहीत नव्हतं. दोन वर्षांत ते विचारावंसं वाटलं नव्हतं. जूनमध्ये मी बंगळुरूला गेले. ती मुलगी आता पस्तिशीत असेल. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. ती वही माझ्या घरी आहे. आज आणली नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं माझं काही नाही.

ही गोष्ट मी आजवर दोन-तीन लोकांनाच सांगितली. सगळे समजूत काढतात. म्हणतात, अगं, उलट चांगलंच झालं, मुलांनी तुझ्यावाचून प्रयोग केला, हेच तर शिक्षण! ते खरं आहे. सूर्य वेळेवर आला आणि मुलांनी मोजलं. विज्ञान माझ्यावाचून अडलं नाही. पण त्या मुलांनी त्या दिवशी आणखीही एक गोष्ट पडताळून बघितली. शाळेत येणारे ताई-दादा सांगतात त्या दिवशी येतात का? त्यांच्याकडे आधीची बरीच मापं होती. कुणी तपासणीला यायचं, कुणी वह्या वाटायला, कुणी फोटो काढायला. त्या यादीत त्यांनी मलाही बसवलं असेल, तर त्यांचं तेही माप अचूकच म्हणायला हवं.

होशंगाबादच्या ज्या कार्यक्रमाचा मघाशी उल्लेख केला, त्याबद्दल मी नंतर बरंच वाचलं. १९७२ मध्ये सोळा शाळांपासून सुरुवात झाली. दिल्ली विद्यापीठातले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले लोक तिथे जायचे. मुलं चार-चारच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करायची, परीक्षेला पुस्तक उघडून बसायची. त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' या पाठ्यपुस्तकात सवालीराम नावाचं एक पात्र होतं. मुलांनी त्याला पत्र लिहून काहीही विचारावं. आणि सवालीरामकडून मुलांना खरोखर उत्तरं जायची. सवालीराम नावाचा माणूस अस्तित्वात नव्हता, उत्तरं कार्यकर्ते मिळून लिहायचे. कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत पसरला आणि २००२ साली, म्हणजे मी माझा वर्ग सोडला त्याच वर्षी, तिथल्या राज्य सरकारने तो बंद केला. तोवर तो तीस वर्षं चालला होता. मला वाटतं त्याचं एक कारण या सवालीरामात आहे. बाहेरून येणारा शहाणा माणूस आज असेल, उद्या नसेल, हे त्या लोकांनी धरूनच चाललं होतं. म्हणून त्यांनी शाळेतल्या शिक्षकांचं प्रशिक्षण केलं, दर महिन्याच्या बैठका ठेवल्या आणि मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्याचं काम कुणा एकाच्या आठवणीवर सोडलं नाही.

आता प्रस्तावाकडे येते. आपल्या कराडात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. तिथली वीस वर्षांची पोरं आपल्या शाळेत आली तर मुलांना आवडतील. सरांपेक्षा ती जवळची वाटतात, त्यांच्याकडे वेळ असतो, त्यांना हसायला येतं. आणि त्यांनाही फार मिळेल. आज माझा एखादा प्रोग्राम चालत नाही तेव्हा मी 'घड्याळ पुढे असेल' असं म्हणत नाही, खडे ठेवत बसते. हे मला कुठल्या प्राध्यापकाने शिकवलेलं नाही. पण विद्यार्थ्यांना मिळतं म्हणून मुलांना मिळतंच असं नाही. म्हणून माझ्या चार सूचना आहेत.

पहिली, येणाऱ्या विद्यार्थ्याने किती शनिवार येणार ते सुरुवातीलाच मुलांना सांगावं. वर्षभर येतो म्हणून तीन वेळा येण्यापेक्षा सहा वेळा येतो म्हणून सहा वेळा यावं. आणि शेवटच्या दिवशी 'आज शेवटचा' हे सांगून जावं. परीक्षेच्या महिन्यात वर्ग ठेवूच नये.

दुसरी, एका वर्गाला दोघांनी मिळून जबाबदारी घ्यावी. १३ मेची तारीख आमच्यात फक्त मला माहीत होती. माझी रूममेट त्या दिवशी मोकळी होती, पण मी तिला बोलले नव्हते.

तिसरी, प्रत्येक प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करून बघावा. तरीही मुलाचा प्रश्न अडला, तर तो त्याच्यासमोर वहीत लिहावा आणि पुढच्या वेळी पहिल्यांदा तेवढं उत्तर द्यावं. मिळालं नसेल तर मिळालं नाही म्हणून सांगावं.

चौथी, शाळेतले एक शिक्षक सोबत असावेत आणि साहित्याच्या कपाटाची किल्ली शाळेकडे असावी. डिजिटल फळा घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण त्याआधी खोकी, भिंगं, आगकाड्या, मीटरपट्ट्या यांचं एक कपाट भरू. ते फार स्वस्तात होतं. विद्यार्थी बदलतील, कपाट आणि वही राहील.

आणि आपण? आपल्यापैकी अर्धे पुण्या-मुंबईला आहोत, काही परदेशात. माझी कंपनीसुद्धा वर्षातून एक दिवस आम्हाला एकसारखे टी-शर्ट घालून कुठल्या तरी शाळेची भिंत रंगवायला नेते. भिंत छान रंगते. मी दरवर्षी जाते आणि दरवर्षी मुलांशी फार बोलायचं टाळते, कारण एखादं विचारेल, "ताई, परत कधी येणार?"

सर, तुम्ही पहिल्या रांगेत आहात, म्हणून हे तुमच्याकडे बघून सांगते. मी वर्गात कुणाला तरी म्हटलं होतं, की आमचे सर शनिवारी पाच मुलांसाठी कांदा घेऊन आले होते. फुशारकीने सांगितलं होतं. त्या कांद्यात काय होतं हे मला १३ मेला दुपारी कळलं. पेशी आम्हाला पुस्तकातल्या चित्रातही दिसल्या असत्या. तुम्ही 'शनिवारी' म्हणालात आणि शनिवारी होतात, ते चित्रात नव्हतं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. आज मानते.

शेवटचं. आपलं कराड पुण्याच्या थोडं दक्षिणेला, सव्वासतरा अक्षांशाच्या आसपास. त्यामुळे इथली सावली पुण्याच्या चार दिवस आधी जाते. ९ मेच्या सुमाराला, दुपारी साडेबाराला. एक दिवस इकडेतिकडे झाला तरी सावली नसल्यातच जमा असते. शाळेला तेव्हा सुट्टी असेल. मुख्याध्यापिका बाईंना मी कालच विचारलं, त्या फाटक उघडून देणार आहेत. येत्या ९ मेला मी मैदानावर असेन. ज्या मुलांना यायचंय त्यांनी यावं, तुम्हीही या. आणि या वेळी तारीख मी एकटीने लक्षात ठेवलेली नाही. समितीतल्या चौघींना सांगून ठेवली आहे. पाऊण वाजेपर्यंत मी दिसले नाही तर त्यांनी मला फोन करायचा आहे.

काठी आणायची गरज नाही. मीटरपट्टी प्रयोगशाळेत आहे, सकाळी बघून आले.